इटलीची सहल: आधी वार, मग शहरं

इटलीचा बेत करायला बसलं की आधी नकाशा उघडला जातो. व्हेनिस वर, रोम खाली, मध्ये फ्लॉरेन्स. एक रेघ ओढली की झालं. पण इटलीत अंतरांची अडचण फारशी नसतेच. वेगवान गाडीने रोम ते फ्लॉरेन्स साधारण दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास, रोम ते नेपल्स जेमतेम सव्वा तास. बेत फिसकटतो तो वारांवर. कुठलं दार कुठल्या वारी बंद असतं आणि कुठलं तिकीट किती दिवस आधी विक्रीला येतं, या दोन गोष्टी कागदावर आल्याशिवाय हॉटेलला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

सोमवारपासून सुरुवात करू. फ्लॉरेन्समधलं उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ते अकाडेमिया, दोन्ही सोमवारी बंद. रोममधली बोर्गेझे गॅलरी सोमवारी बंद. मिलानमधलं लिओनार्दोचं भित्तिचित्र ‘द लास्ट सपर’ही सोमवारी बंद. म्हणजे फ्लॉरेन्ससाठी एकच पूर्ण दिवस ठेवला आणि तो नेमका सोमवार निघाला, तर शहरातली दोन मुख्य आकर्षणं बाहेरूनच बघावी लागतात. रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद असतं, अपवाद फक्त महिन्यातल्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी प्रवेश फुकट असतो, पण साडेबाराला आत सोडणं थांबतं आणि रांग इतकी लांब असते की त्या वाटेला न जाणंच शहाणपणाचं. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे दुओमोमध्ये, रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो. व्हेनिसचं सान मार्को बॅसिलिका रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी राखलेलं असतं, दुपारी दोननंतर उघडतं. बुधवारी पोप रोममध्ये असतील तर सकाळी सेंट पीटर्स चौकात त्यांची सार्वजनिक सभा होते आणि सेंट पीटर्स बॅसिलिका दुपारपर्यंत पर्यटकांना बंद राहतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि कलोसियम फुकट असतं, त्यामुळे गर्दी दुपटी-तिपटीने वाढते. पैसे वाचतात, पण वेळ आणि पाय दोन्ही जातात.

हे सगळं एकदा डोळ्यांसमोर आलं की बेत आपोआप आकार घेतो. दहा रात्रींची एक मांडणी देते, ती नुसती नमुना म्हणून बघा. रविवारी व्हेनिसला उतरायचं. सोमवारी तिथलं सान मार्को आणि डोजेचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या शासकाचा, राजवाडा, कारण ही दोन्ही ठिकाणं सोमवारी उघडी असतात. मंगळवारी सकाळच्या गाडीने फ्लॉरेन्स, दुपारी अकाडेमिया. बुधवारी उफ्फिझी. गुरुवारी पिसा आणि लुक्का, किंवा सिएना. शुक्रवारी रोम, संध्याकाळी पँथियन आणि त्रेव्ही कारंज्याच्या आसपास भटकंती. शनिवारी कलोसियम आणि फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष. रविवारी बोर्गेझे. सोमवारी सकाळच्या अगदी पहिल्या वेळेला व्हॅटिकन म्युझियम. आदल्या दिवशीची सुट्टी आणि शहरातली बाकीची संग्रहालयं बंद, त्यामुळे सोमवारी तिथे गर्दी जास्त असते, म्हणून पहिलीच वेळ धरायची. मंगळवारी नेपल्सजवळच्या पाँपेईला, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन शहराला, जाऊन रात्री परत. बुधवारी विमान. व्हेनिसमध्ये दोन रात्री, फ्लॉरेन्समध्ये तीन, रोममध्ये पाच. दहा रात्रींत चौथं शहर घुसवू नका. प्रत्येक स्थलांतर म्हणजे खोली रिकामी करणं, बॅगा ओढणं, गाडी, नवीन खोली मिळेपर्यंत बॅगा कुठेतरी ठेवणं. दीड तासाच्या प्रवासातही निम्मा दिवस हमखास जातो.

उतरण्याचा वार वेगळा असेल तर एकच सूत्र पाळा: सोमवार प्रवासाला, व्हेनिसला किंवा व्हॅटिकनला द्या. बाकीचं जुळवता येतं.

विमानाचं तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतायचं घ्यावं. आरक्षणाच्या पानावर ‘मल्टि-सिटी’ असा पर्याय असतो. रोमलाच जाऊन रोमहूनच परतायचं ठरवलं तर व्हेनिसहून रोमला उलटं येण्यात चार तास आणि एका गाडीचं भाडं फुकट जातं.

तिकिटं आणि व्हिसा यांची गाठ

इथेच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

‘द लास्ट सपर’ची तिकिटं तीन-तीन महिन्यांच्या गटांनी विक्रीला येतात आणि चांगल्या वेळा लगेच संपतात. आत फक्त पंधरा मिनिटं मिळतात आणि तीही मोजक्या माणसांच्या गटाला. कारण चित्रातच आहे. लिओनार्दोने ते ओल्या गिलाव्यावर न काढता कोरड्या भिंतीवर काढलं, त्यामुळे रंग भिंतीत मुरले नाहीत आणि त्याच्या हयातीतच पोपडे सुटायला लागले. आता हवेतली आर्द्रता आणि धूळ सांभाळत माणसं आत सोडतात. हे चित्र बघायचंच असेल तर आधी त्याचं तिकीट, मग मिलानची रात्र, मग बाकी सहल. उलट क्रमाने हे जमत नाही.

कलोसियमची तिकिटं भेटीच्या तीस दिवस आधी खुली होतात. तिकिटावर नाव असतं आणि ते ओळखपत्राशी ताडून बघतात, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. साधं तिकीट १८ युरोंचं असून त्यात फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही येते. कलोसियमची वेळ मात्र ठरलेली असते, उशीर झाला तर आत सोडतील याची खात्री नाही. तळघर आणि रिंगण बघायचं असेल तर वेगळं, महाग तिकीट लागतं आणि ते सर्वांत आधी संपतं. बोर्गेझेला आरक्षणाशिवाय प्रवेशच नाही, दोन तासांचे गट असतात आणि वेळ संपली की बाहेर यावं लागतं. फ्लॉरेन्सच्या दुओमोवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर ते तिकीट घेऊच नका. पिसाच्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, बॅगही खाली ठेवावी लागते.

अठरा वर्षांखालच्या मुलांना सरकारी संग्रहालयांत प्रवेश फुकट आहे, मग पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. पण फुकट असलं तरी त्यांच्या नावाचं शून्य युरोचं तिकीट काढावं लागतं. आईवडिलांची तिकिटं काढली आणि मुलांची राहिली, मग वेळेचा गट भरला, हा घोळ फार वेळा होतो. व्हॅटिकन हे वेगळं राष्ट्र आहे, तिथे हा नियम लागू नाही. सात वर्षांपासून पुढच्या मुलांना सवलतीचं तिकीट लागतं.

शोधयंत्रावर नाव टाकलं की वरचे निकाल बहुधा मध्यस्थांचे असतात. तेच तिकीट दुपटीने, वर ‘रांग टाळा’ असं लिहिलेलं. अधिकृत संकेतस्थळावरचं साधं वेळेचं तिकीटही तिकीटखिडकीची रांग टाळतंच. सुरक्षा तपासणीची रांग मात्र कुणालाच चुकत नाही.

आता व्हिसा. इटलीला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा. त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस धरले आहेत, पण ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकतात. शिवाय भेटीची वेळच महिनाभर मिळाली नाही असं हंगामात होतं. जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांचं ४५ युरो, त्याहून लहान मुलांना माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क त्यावर वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

कलोसियमची तिकिटं तीस दिवस आधी, व्हॅटिकनची साधारण दोन महिने आधी खुली होतात आणि पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून व्हिसा दोन महिने आधी हातात असेल अशा बेताने अर्ज करायचा, म्हणजे निघण्याच्या चार महिने आधी. अर्जाच्या वेळी हॉटेलं रद्द करता येणारी घ्या आणि दिवसवार आराखड्यातली प्रत्येक रात्र कुठल्या ना कुठल्या आरक्षणाशी जुळते ना, हे बोट ठेवून तपासा. एक रात्र जरी मोकळी राहिली तरी प्रश्न येतो. इटलीबरोबर दुसरा देश जोडत असाल तर जास्त रात्री जिथे, अर्ज त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर आधी पाऊल जिथे पडणार त्या देशाकडे.

मध्ये फ्रँकफर्टला किंवा झुरिकला विमान बदलणार असाल तर पासपोर्टवरची तपासणी तिथेच होते, इटलीत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर प्रवेशाची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर होऊ लागली आहे. चेहऱ्याचा फोटो, बोटांच्या ठशांची पडताळणी यात वेळ जातो. पुढचं विमान तासाभरात असेल तर ते चुकण्याचा धोका मोठा आहे. निदान अडीच तास मध्ये ठेवा.

गाड्या

इटलीत दोन प्रकारच्या गाड्या आहेत आणि दोघींचे नियम अगदी वेगळे. फ्रेच्चारोस्सा आणि इतालो या वेगवान गाड्या: आसन आरक्षित, तिकीट ठरलेल्या गाडीचं, लवकर घेतलं तर स्वस्त. सर्वांत स्वस्त दरात बदल किंवा परतावा नसतो, म्हणून विमानातून उतरल्या दिवशीच्या गाडीसाठी तो घेऊ नका. विमानाला उशीर झाला की तिकीट वाया आणि नवीन तिकीट त्या दिवसाच्या चढ्या दराने. शहरातून शहरात जाताना मात्र स्वस्त दर निर्धास्त घ्या. वेळापत्रक जून आणि डिसेंबरच्या मध्यात बदलतं. पुढच्या वेळापत्रकातल्या गाड्या दिसत नसतील तर त्या अजून विक्रीला आलेल्या नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या प्रादेशिक गाड्या, फ्लॉरेन्स ते पिसासारख्या. यांचा दर ठरलेला, आज घ्या की महिनाभर आधी घ्या. इथे घाई करण्यात काहीच फायदा नाही. पण कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. फोनवरचं तिकीट असेल तर चढण्यापूर्वी त्यात चेक-इन करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो, कारण शिक्का नसलेलं तिकीट उद्या पुन्हा वापरता येईल, असा तपासनिसाचा हिशोब असतो आणि तो बरोबरच आहे.

स्टेशनवर पिवळा तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन दिसतं, आपलं नाही. फ्लॉरेन्सहून रोमला जाणारी गाडी ‘नापोली’ (म्हणजे नेपल्स) किंवा ‘सालेर्नो’ या नावाखाली असते, म्हणून गावाचं नाव शोधू नका, तिकिटावरचा गाडीचा क्रमांक शोधा. नावं इटालियनमध्येच टाका: फिरेंझे सांता मारिया नोव्हेल्ला, व्हेनेझिया सांता लुचिया, रोमा तेर्मिनी, नापोली चेंत्राले. व्हेनेझिया मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं स्टेशन. तिकीट तिथलं काढलं आणि हॉटेल बेटावर असलं, की पुलापलीकडे न्यायला आणखी एक गाडी.

पाँपेईची गोम अशी आहे: नापोली चेंत्रालेच्या खाली उतरून चिर्कुमवेझुव्हियाना नावाच्या लोकलने सोरेंतोच्या दिशेने जायचं आणि ‘पाँपेई स्काव्ही, व्हिला देई मिस्तेरी’ या स्टेशनावर उतरायचं, साधारण चाळीस मिनिटं. नुसत्या ‘पाँपेई’ नावाचंही वेगळं स्टेशन आहे. ते आजच्या गावात आहे, मुख्य प्रवेशद्वार तिथून लांब पडतं. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं. सावली जवळपास नाही. जून ते ऑगस्टमध्ये जायचं तर सकाळी दार उघडतानाच पोचा, आणि टोपी विसरू नका.

संप, म्हणजे ‘शोपेरो’, हा इटलीच्या प्रवासाचा भागच धरून चाला. तो आधी जाहीर होतो, परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर यादी लागते, आणि बऱ्याचदा वार शुक्रवार असतो. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. लांब पल्ल्याच्या ठरावीक गाड्यांची वेगळी यादी असते आणि त्या संपातही सुटतात. वरच्या नमुन्यात रोमला जायचा दिवस शुक्रवार आहे, तेव्हा तिकीट काढताना त्या यादीतली गाडी निवडली की झोप शांत लागते.

व्हेनिस

व्हेनिसबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही महत्त्वाच्या. पहिली म्हणजे सामान. तिथे चाकांची वाहनं नाहीत, पूल पायऱ्यांचे आहेत. हॉटेल निवडताना सर्वांत जवळचा बोटीचा थांबा कोणता आणि तिथपासून किती पूल लागतात, हे नकाशावर मोजा. तीन पूल आणि पंचवीस किलोची बॅग हे गणित वाचायला सोपं आणि प्रत्यक्षात फार अवघड आहे. दुसरी म्हणजे व्हापोरेत्तो, सार्वजनिक बोट. पंचाहत्तर मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरोंचं असल्यामुळे दिवसात तीनदा बसणार असाल तर चोवीस तासांचा पास घ्या. दर वेळी चढताना ते यंत्राला लावायचं. हे तिकीट मार्को पोलो विमानतळावर जाण्यासाठी चालत नाही. १ नंबरची बोट मोठ्या कालव्यावरच्या जवळपास प्रत्येक थांब्यावर थांबत जाते. घाई नसेल तर संध्याकाळी हीच धरा, शहर याहून चांगलं दुसरं कुठूनच दिसत नाही.

दिवसापुरतं येणाऱ्यांना २०२४ पासून वर्षातल्या काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क आहे. मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, पण माफीचा क्यूआर कोड संकेतस्थळावरून काढून ठेवावा लागतो. मेस्त्रेही व्हेनिसच्याच पालिकेत येतं, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनाही माफी मिळते.

मुक्काम, जेवण, गाडी

खोलीच्या किमतीत शहरकर धरलेला नसतो. माणशी, दर रात्री, हॉटेलच्या दर्जानुसार तो वेगळा द्यावा लागतो. चौघांना पाच रात्रींना तो जाणवण्याइतका होतो. जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही, विचारून घ्या. शब्द आहे ‘अशेन्सोरे’. रोममध्ये इमारतींची हीटिंग १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल एवढीच चालवायची मुभा आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी किंवा एप्रिलच्या उत्तरार्धात थंडी पडली तर खोली गार राहते, आणि त्यात हॉटेलवाल्याचा दोष नसतो. एक स्वेटर जास्त घ्या. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, हेही सामान भरतानाच ध्यानात ठेवा.

शाकाहारी माणसाला इटलीत उपाशी राहावं लागत नाही, पण काही ठिकाणी फसायला होतं. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरीनो रोमानो ही तिन्ही चीज प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे जठरातून काढलेल्या दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनतात. भाज्यांच्या सूपमध्ये बऱ्याचदा मांसाचा ‘ब्रोदो’, म्हणजे उकळून काढलेला रस, असतो, आणि पियादिना या पोळीत डुकराची चरबी, म्हणजे ‘स्त्रुत्तो’, असू शकते. चीजही नको असेल तर पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस. आणि ‘पेपेरोनी’ वाचून घाबरू नका. इटालियनमध्ये ती ढोबळी मिरची. अमेरिकन पिझ्झ्यावरच्या मांसाच्या पेपरोनी चकत्या इथे त्या नावाने मिळत नाहीत. स्वयंपाकघरं साधारण साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसातनंतर चालू असतात. चार वाजता भूक लागली तर वजनावर मिळणारा पिझ्झा, ‘पिझ्झा आल तालियो’. बिलात माणशी एक-दोन युरो ‘कोपेर्तो’ दिसला तर ती फसवणूक नव्हे. तो मेजावर बसण्याचा आकार आहे, मेन्यूत छापलेला असतो. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त, बसून घेतली तर महाग. रोममध्ये रस्त्याकडेच्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचं आहे, बाटली भरून घ्या.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर ती फक्त टस्कनीच्या खेड्यांसाठी घ्या, शहरं संपल्यावर. युरोपीय संघाबाहेरच्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. जवळपास प्रत्येक जुन्या शहराच्या गाभ्याला ‘झेड-टी-एल’ नावाची हद्द असते. तिथे फक्त परवानगी असलेल्या गाड्यांना प्रवेश असतो आणि दारावर माणूस नाही, कॅमेरा असतो. दिशा दाखवणारं ॲप थेट आत घेऊन जातं. एका संध्याकाळी तीनदा आत-बाहेर केलं तर तीन दंड, तेही काही महिन्यांनी घरी येतात, आणि भाड्याची कंपनी तुमचं नाव कळवण्याचं शुल्क वर लावते. हॉटेल हद्दीत असेल तर गाडीचा क्रमांक त्यांच्याकडून आधी नोंदवून घ्या. पार्किंगच्या पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या राखीव. टोलनाक्यावर नुसत्या पिवळ्या ‘टेलिपास’ रांगेत शिरू नका, ती टोल आपोआप कापणारं यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते.

परतीचा दिवस

एका दुकानातली खरेदी सत्तर युरोंच्या वर असेल तर करपरतावा मिळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही मर्यादा सुमारे १५५ युरोंवरून खाली आली. अर्ज दुकानातच भरून घ्यायचा, आणि युरोपीय संघ सोडण्याच्या शेवटच्या विमानतळावर सामान देण्याआधी वस्तूंसह सीमाशुल्काकडे जायचं. बॅग आधी देऊन टाकली तर दाखवायला वस्तूच राहत नाहीत. यासाठी एक तास जास्तीचा धरा. रोममध्ये तेर्मिनीहून फ्युमिचिनो विमानतळाला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत पोचते, १४ युरो. एफ-एल-१ ही लोकल स्वस्त आहे, पण ती तेर्मिनीला येतच नाही. त्रास्तेव्हेरे किंवा ओस्तिएन्से भागात राहत असाल तरच सोयीची. विमानांच्या संपांना २७ जुलै ते ५ सप्टेंबर मनाई असते. बाकीच्या काळात संपाच्या दिवशीही सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेतली विमानं सुटतात, म्हणून निवड असेल तर परतीचं विमान याच वेळेतलं घ्या.